शेजारचा वर्ग

आदिलाबाद
३ फेब्रुवारी १९८९

रमाताई,

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेल आणि उघडावं की नाही म्हणून थोडा वेळ ते हातात धरून बसला असाल. उघडलंत, एवढ्या भरवशावर पुढं लिहिते.

वडसावळीहून आदिलाबाद बसनं तासाभराचं. तुम्ही दर शनिवारी बाजाराला येता आणि आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाता. गेल्या शनिवारी मी दारात उभी होते. तुम्ही रस्त्याच्या पलीकडून गेलात. मी हाक मारली नाही, कारण तुम्ही वळून पाहिलं नसतं तर मला ते सहन झालं नसतं.

गावात काय बोलतात ते बसच्या कंडक्टरनंही मला ऐकवलं आहे. गणित आलं नाही म्हणून बाईनं पोराचा डोळा फोडला म्हणे. म्हणून एकदा माझ्या हातानं सरळ लिहिते. दहावीला भूमिती चालू होती. केशवरावांच्या दिगांबरनं दाराला आतून कडी घातली आणि तो माझ्या अंगावर आला. माझ्या हातात फळ्यावर वर्तुळं काढायचा लाकडी कंपास होता. तो मी मारला. त्याचं लोखंडी टोक त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं. पोराला हैदराबादेपर्यंत नेलं, पण डोळा वाचला नाही. मी मारलं, हे मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे. काऊन मारलं, ते मात्र कुणी विचारत नाही.

तो त्याच वर्गातल्या भागीरथाच्या मागे लागला होता, हे तुम्हालाही ठाऊक आहे. सकाळी वर्गात गेलं की फळ्यावर तिचं नाव आणि त्याच्याखाली नको ते लिहिलेलं असायचं. पोरगी मान वर करायची नाही. मी पुसायचे, तो पुन्हा लिहायचा. शेवटी मी केशवरावांच्या दुकानात जाऊन सांगितलं. वाटलं, बाप आहे, घरात बसवून चार शब्द सांगतील. त्यांनी त्याला बस थांबते तिथं, सगळ्या गावादेखत चपलेनं मारलं. दाढीमिशी फुटलेलं, दोनदा दहावीला नापास झालेलं पोरगं ते. दुसऱ्या दिवशी वर्गात आला तेव्हा त्याचा ओठ सुजलेला होता आणि पोरं त्याच्याकडं बघून खालमानेनं हसत होती. तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं.

मला कामावरून थांबवलं आहे आणि येत्या मंगळवारी चौकशीचे साहेब शाळेत येणार आहेत. तुमच्या आणि माझ्या वर्गाच्या मधे बांबूचा तट्ट्या आहे. तुमच्याकडं खडू मोडला तरी माझ्याकडं ऐकू येतो. तुम्ही पाहिलं म्हणा, असं मी म्हणत नाही. ऐकलं तेवढं सांगा. तुम्ही केशवरावांच्या घरात भाड्यानं राहता, म्हातारी आई सोबत आहे, हे मी विसरलेले नाही. विसरले नाही म्हणूनच समोर न येता लिहिते आहे.

आईच्या गुडघ्यांना तेल लावता का अजून?

तुमची
विनोदिनी


आदिलाबाद
२१ फेब्रुवारी १९८९

रमाताई,

तुमचा जबाब साहेबांसमोर मला वाचून दाखवला. साहेबांना मराठी येत नाही आणि माझं तेलुगू बाजारापुरतं, म्हणून कारकून मधे बसला होता. एवढ्या सगळ्या कागदांत तुमचीच ओळ सगळ्यांत लहान निघाली. "मी कविता शिकवीत होते, मला काही ऐकू आले नाही."

खरं आहे, तुम्ही कविता शिकवत होता. पोरं एका सुरात म्हणत होती. त्या सुरावरच मी फळ्यावर वर्तुळ काढत होते, म्हणून मागे कडी वाजली ती मला आधी कळली नाही. कळली तेव्हा दिगांबर दाराकडून माझ्याकडं येत होता. मी म्हटलं, "दिगांबर, जागेवर बस." तो म्हणाला, "काल लोकांनी माहा तमाशा पाह्यला. आज तुमचा पाहू द्या." आवाज चढवून नाही म्हणाला. रोजच्यासारखाच बोलला.

मी टेबलाच्या मागे सरकले. त्यानं टेबल ढकललं. माझं डोकं फळ्यावर आपटलं. त्यानं एका हातानं माझा गळा धरला. तेव्हा मी ओरडले, रमाताई. तुमचं नाव घेऊन ओरडले.

तुमच्या वर्गातली कविता थांबली.

ते थांबणं मी ऐकलं. जीव घुसमटत असतानाही ऐकलं आणि मला वाटलं, आल्या, आता दार वाजेल. मग कविता पुन्हा सुरू झाली. आधीपेक्षा मोठ्यानं. पोरं आपणहून एवढ्या मोठ्यानं म्हणत नाहीत, कुणीतरी त्यांना मोठ्यानं म्हणा असं सांगावं लागतं.

पुढं काय झालं ते सगळं मला लिहिता येत नाही. कंपास हातात होता. मी मारला. त्यानं दोन्ही हात तोंडावर धरले आणि "आई" म्हणून खाली बसला. सगळा वर्ग बाकांवर तसाच बसून होता. एकटी भागीरथा उठली, त्याला वळसा घालून दारापाशी गेली आणि तिनं कडी काढली. ती कडी तिला लवकर निघाली नाही.

दार उघडल्यावर पहिल्या तुम्हीच आत आलात. मला न पाहता तुम्ही त्याच्याकडं गेलात. ते बरोबरच होतं, रक्त त्याचं वाहत होतं. स्वतःच्या पदरानं तुम्ही त्याचा डोळा दाबून धरलात. पण माझ्या गळ्यावर बोटं उठली होती, तीही तुम्ही पाहिलीत. आपली नजर एक झाली होती.

हेडमास्तर सार मला म्हणाले, "तुम्ही बाहेर पळायचं होतं." कडी आतून होती, सार, म्हटलं. "मग ओरडायचं होतं."

विनोदिनी


आदिलाबाद
३० मार्च १९८९

रमाताई,

तुम्ही बदली मागून निर्मळला गेलात असं कळलं. नव्या शाळेच्या पत्त्यावर हे टाकते आहे. उत्तराची वाट पाहत नाही. पण लिहिलं नाही तर डोक्यात तेच ते फिरत राहतं, आणि दुसऱ्या कुणाला लिहावं असं माणूस मला नाही.

भागीरथाचं लग्न झालं. होळीच्या आधीच उरकलं, किनवटकडच्या एका माणसाशी, दहावीची परीक्षा तोंडावर असताना. तिचा बाप नागोराव बाजारात भेटला. मी म्हटलं, "नागोराव, पोरगी पास झाली असती हो." तो म्हणाला, "बाई, तिच्यापायी येक डोळा गेला म्हन्तेत लोक. आता घरात ठेवून काय करू?" माझी बाजू सांगू शकली असती ती तीच एक. आता ती दुसऱ्याच्या घरात आहे आणि तिथं तिनं आपण कधी शाळेत होतो हेही बोलायचं नाही, असं ठरलंय म्हणे.

पोलिसांत केस झाली आहे. वकील म्हणतो, "गळा धरला एवढ्यावर डोळा फोडला म्हटलं की कोर्टाला जास्ती वाटंल. अजून काही घडलं असंल तर सांगा."

घडलं होतं. मी कुठल्याच जबाबात सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. त्यानं एका हातानं गळा धरला आणि दुसरा हात माझ्या पदराला घातला. पिन तुटली. ब्लाउजचं हुक तुटलं. सगळा वर्ग पाहत होता. मीच शिकवलेली पोरं. "आज तुमचा पाहू द्या" म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी त्याच्या डोळ्यावर नेम धरला नव्हता. तो हात सुटावा म्हणून मारलं. कुठं लागलं ते नंतर पाहिलं.

दवाखान्यातून आल्यावर संध्याकाळी घरी ह्यांना हे सांगितलं. ह्यांनी उठून खिडकी लावली. मग म्हणाले, "पदराचं लिहून देऊ नको. उद्या ऑफिसात मी तोंड कसं दाखवू? मारायला आला एवढंच लिही." मी एवढंच लिहिलं. त्या दिवशी मला वाटलं, हे माझी अब्रू जपताहेत.

आता माझ्याच जबाबात जे नाही ते वकिलाला खरं म्हणून कसं सांगायचं? हे दुसऱ्या खोलीत झोपतात. भांडण नाही. चहा दिला की घेतात.

विनोदिनी


आदिलाबाद
१६ मे १९८९

रमाताई,

काल दिगांबरची आई आली होती. सोनाबाई. दुकान केशवरावांचं, पण भाजीचा वाफा तिचा आणि शनिवारी बाजारात बसायची तीच. कितीतरी शनिवार मी तिच्याकडून अंबाडी घेतली असेल. कडी वाजली म्हणून दार उघडलं, तर डोक्यावर टोपली आणि ऊन असं की बघवत नव्हतं.

"भांडाले नाई आली," ती म्हणाली.

मी आत घेतलं, पाणी दिलं. ती खाली बसली, टोपली बाजूला ठेवली आणि पाण्याकडं नुसती पाहत राहिली.

"बाई, मले येकच सांगा. माह्या पोरानं काय केलतं? घरात कोनी सांगून नाई राह्यलं. त्याचा बाप म्हन्ते, तू गप ऱ्हाय. पोरगा भिताडाकडं तोंड करून पडून ऱ्हायते. डोळा गेला तो गेला. पन काऊन गेला, ते मायले कळू नये काय?"

मी सांगितलं. सगळं. जे साहेबांना नाही सांगितलं, वकिलाला नाही सांगितलं, ते त्या बाईला सांगितलं. बोलताना मी तिच्याकडं पाहत नव्हते. थांबले तेव्हा ती म्हणाली, "पदराले?"

"हो."

तिनं स्वतःचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि आवळून धरून बसली. त्या उकाड्यात. रडली नाही. मग म्हणाली, "इचारलं नसतं त बरं व्हतं."

मला वाटलं, आता ती उठून जाईल. ती उठली नाही. ज्यासाठी आली होती ते अजून राहिलंच होतं.

"बाई, येक डोळ्यानं बी मानूस जगते. दुकानावर बसंल, कापसाच्या जिनिंगात काट्यावर उभा राहील. पन हे नाव त्याच्यावर पडलं त त्याले कोनी दारात उभं करनार नाई. तुमी लिवा, पोरगा बाकाले अडकून पडला अन् कंपास लागला. आमी केस मागं घेतो. मालकाले मी मनवते. तुमची नोकरी तुमाले भेटंल."

"आणि मी मुद्दाम मारलं नाही, तो अंगावर आला नाही, काहीच झालं नाही?"

"काईच नाई झालं."

"आणि भागीरथा?"

"तिचं लगन झालं न," सोनाबाई म्हणाली. मग माझ्याकडं न पाहता, "तुमाले काय वाटते, मले समजत नाई? मी बी बाईच हाये. पन तो माहा हाये."

जाताना टोपलीतल्या अंबाडीच्या जुड्या काढून तिनं उंबऱ्यात ठेवल्या. मी त्या परत दिल्या नाहीत. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, भाजी कुठून आली. सांगितलं. कित्येक आठवड्यांनंतर हे माझ्याशी नीट बोलले. "लिहून टाक," म्हणाले. "सगळेच सुटतील."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, असं विचारणार होते. पण तुम्ही काय केलंत ते मला माहीत आहे.

विनोदिनी


आदिलाबाद
२ जुलै १९८९

रमाताई,

तुमचं पत्र परवा आलं. इतक्या महिन्यांत पहिलं. अक्षर तुमचं वाटत नव्हतं, ओळी खाली उतरत गेलेल्या. आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, "गणितवाली" म्हणायच्या.

तुम्ही लिहिता, "मी ऐकलं होतं. तुमचा आवाज ओळखला होता. पोरांना मोठ्यानं म्हणा असं मीच सांगितलं. आता घर सोडलं, आईही राहिली नाही, आता मला कुणाची भीती नाही. म्हणाल तिथं येऊन लिहून देते."

रमाताई, त्याच्या आधीच्याच आठवड्यात मी सही केली.

वकील म्हणाला होता, "राजीनामा लिहून टाका, बाई." मी म्हटलं, नोकरी सोडायची तर मग एवढं सगळं कशाला? तो हसला. "तसा नव्हे. कचेरीतला. दोन्हीकडचे राजी झाले, असा." निजामाच्या वेळेपासून इथं त्याला तेच म्हणतात म्हणे. कचेरीत केशवराव एका बाकावर, मी आणि हे दुसऱ्या बाकावर. दिगांबर काळा चष्मा लावून आला होता. फार वाळला आहे. कारकुनानं मोठ्यानं वाचलं: वर्गात बाकाला पाय अडकून विद्यार्थी पडला, शिक्षिकेच्या हातातला कंपास चुकून लागला, कुणाची कुणाविषयी तक्रार नाही. दिगांबरनं सही केली. मग मी केली. पेन त्याच्या हातातून माझ्या हातात यायचं होतं. ते घेताना माझा हात मागे आला. पेन खाली पडलं आणि त्यानंच वाकून उचलून टेबलावर ठेवलं. "टीचर," म्हणाला. बस, एवढंच. पुढं काही म्हणणार होता का, ते कळलं नाही. बापानं दंड धरून त्याला बाहेर नेलं.

म्हणजे आता तिथं काही घडलंच नाही. मी ओरडले नाही, तर तुम्ही ऐकाल काय? तुमचं खरं तुमच्यापाशीच ठेवा. मी आता ते कुठं नेऊन ठेवू?

रागावून लिहीत नाही. राग होता तेव्हा बरं होतं.

मला कामावर घेतलं आहे. बदली इंद्रवेल्लीच्या पुढं, जंगलातल्या एका शाळेत. हे इथंच राहतील. रोज जाणं-येणं जमणार नाही, म्हणून मी तिथं खोली घेते. हे नको म्हणाले नाहीत.

विनोदिनी


इंद्रवेल्लीजवळ
१९ नोव्हेंबर १९८९

रमाताई,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. क्षमा करा म्हणून तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिता. आता लिहू नका. मी केली आहे की नाही ते मला कळत नाही, आणि कळलं तरी त्यानं काय होणार? पण तुम्ही माझं सगळं वाचलं आहे, म्हणून हेही वाचा.

इथली पोरं गरीब आहेत. गरीब म्हणजे शांत, असं मला म्हणायचं आहे. बहुतेक गोंडांची. मराठीतून शिकतात, घरी गोंडी बोलतात. उलट बोलणं नाही, फळ्यावर काही लिहिणं नाही. दाराला कडीच नाही, फळीचं दार वाऱ्यानं उघडतं आणि मिटतं. मी मुद्दाम दाराजवळ उभी राहून शिकवते. तोंड सदा वर्गाकडं. फळ्यावर लिहायचं असलं तर आडवी उभी राहून लिहिते. त्यामुळं अक्षर वाकडं येतं. कंपास मागितलेला नाही. वर्तुळं हातानंच काढते.

मागच्या आठवड्यात सातवीला त्रैराशिक चालू होतं. मी वही तपासायला खाली पाहिलं असेन. जंगू नावाचं एक पोरगं आहे, हडकुळं, कानात बाळी. त्याचं उत्तर आलं होतं. तो आनंदानं उठून पाटी दाखवायला माझ्या मागच्या बाजूनं आला आणि त्यानं माझ्या दंडाला हात लावला.

मी वळले आणि मारलं. हातात लाकडी डस्टर होतं. काय करते आहे ते मला कळलं तेव्हा तो खाली पडलेला होता, नाकातून रक्त, पाटी फुटलेली. वर्ग बाकांवर तसाच बसून. मी भिंतीला पाठ लावून उभी आणि माझ्या तोंडातून आवाज निघत होता. शेजारच्या वर्गातले सार पळत आले. लगेच आले, रमाताई. आत आले आणि त्यांनी विचारलं, "काय केलं यानं?"

त्यांनी जंगूला कान धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी जंगूचा बाप आला. सात-आठ कोस जंगलातून चालत आला होता, पाय धुळीनं भरलेले. मी ठरवलं होतं, तो जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं. तक्रार करतो म्हणाला तर मीच लिहून द्यायचं, कारण त्याला लिहिता येत नाही. जंगू त्याच्या मागे उभा होता. नाक सुजून दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं झालं होतं.

बापानं हात जोडले. "टीचर, पोराची चुकी झाली. माप करा. नाव काटू नका."

मी म्हटलं, "त्याची काही चूक नाही. त्यानं काही केलं नाही. माझी चूक झाली."

तो हसला. समजूत घालावी तसा. "नाय नाय. कायतरी केलंच आसंल. तुमी शिकेल मानसं, उगंच कशाला माराल?"

"मी खरं सांगते. तो फक्त पाटी दाखवायला आला होता. उत्तर बरोबर आलं होतं त्याचं."

"तुमचं मन मोठं हाय," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. वर्गातल्या पोरांना विचारा म्हटलं. त्यानं पोरांकडं पाहिलं. पोरं खाली पाहत होती. त्यानं जंगूच्या मानेवर हात ठेवला आणि गोंडीत काहीतरी म्हणाला. जंगू माझ्या पाया पडायला वाकला.

त्याचे हात पायांजवळ आले आणि मी मागे सरकले. मला सरकायचं नव्हतं. पोरगं वाकलेलंच राहिलं. मग त्यानं मान वर करून बापाकडं पाहिलं आणि बाप पुन्हा हात जोडून म्हणाला, "अजून राग गेला नाय का, टीचर?"

विनोदिनी